फॉस्फोरोथायोएट डीएनए: फॉस्फरसवरची किरॅलिटी ताब्यात ठेवणे शक्य आहे का, आणि तेवढे आवश्यक आहे का?

प्रयोगवही

डीएनएच्या साखळीत शेजारच्या दोन न्यूक्लिओसाइडना जोडणाऱ्या फॉस्फेटवर दोन ऑक्सिजन असे असतात, जे साखळीच्या कण्यात गुंतलेले नसतात. त्यांपैकी एकाच्या जागी गंधकाचा अणू बसवला की जो जोड तयार होतो, त्याला फॉस्फोरोथायोएट म्हणतात. फ्रिट्झ एकश्टाइन यांनी १९६० च्या दशकात न्यूक्लिओटाइडांमध्ये हा बदल करून दाखवला आणि पुढे अँटिसेन्स औषधांच्या, म्हणजे लक्ष्य आरएनएशी जुळून त्याचे काम रोखणाऱ्या किंवा बदलणाऱ्या लहान साखळ्यांच्या, क्षेत्रात तो सर्वाधिक वापरला जाणारा बदल ठरला, कारण रक्तातील न्यूक्लिएज विकरांना असा जोड सहज तोडता येत नाही आणि प्रथिनांना चिकटण्याच्या त्याच्या गुणामुळे औषध मूत्रावाटे लगेच बाहेर टाकले जात नाही.

अडचण अशी की गंधक आल्याबरोबर त्या फॉस्फरसभोवती चार वेगवेगळे गट होतात आणि तो किरॅल बनतो, म्हणजे आरशातील प्रतिमेसारखी त्याची दोन भिन्न मांडणी होऊ शकतात. म्हणजे प्रत्येक जोडाची आरपी आणि एसपी अशी दोन रूपे संभवतात. मिपोमर्सेन हे औषध २० न्यूक्लिओटाइडांचे असून त्यात १९ फॉस्फोरोथायोएट जोड आहेत. २ चा १९ वा घात काढला तर ५,२४,२८८ हा आकडा येतो. अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळालेले हे औषध म्हणजे प्रत्यक्षात एवढ्या डायस्टिरिओमरांचे, म्हणजे केवळ अवकाशीय मांडणीत भिन्न असलेल्या रूपांचे, मिश्रण होते. स्नायूंच्या आनुवंशिक विकारावरील नुसिनर्सेनमध्ये १७ जोड आहेत, म्हणजे १,३१,०७२ रूपे. लहान रेणूंच्या औषधांत एका किरॅल कार्बनचे चुकीचे रूप एक-दोन टक्के आढळले तरी आपण अस्वस्थ होतो, आणि येथे मात्र लक्षावधी रूपांचे मिश्रण एकच औषध म्हणून स्वीकारले गेले आहे.

नेहमीच्या संश्लेषणात ही किरॅलिटी नेमकी कोठे हातातून निसटते, ती धरून ठेवण्याचे कोणते मार्ग सापडले आणि एवढा खटाटोप करून औषध खरोखर सुधारते का, या तीन प्रश्नांवर येथे चर्चा व्हावी अशी इच्छा आहे. तिसऱ्या प्रश्नाबाबत माझे मत उत्साही मंडळींपेक्षा बरेच सावध आहे, हे आधीच नमूद करतो.

मिरजकर

धागा उत्तम आहे. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो आणि विद्यार्थी हमखास विचारतात, म्हणून एक प्रश्न. साखळीत एकेक करून जोडला जाणारा घटक, म्हणजे फॉस्फोरॅमिडाइट मोनोमर, हा मुळात दोन डायस्टिरिओमरांचे मिश्रण असतो. तो कॉलमवर वेगळा करून त्यातील एकच रूप संश्लेषकात वापरले, तर साखळीतील जोडही एकाच रूपात मिळायला हवा. मग तसे का होत नाही? त्रिसंयुजी फॉस्फरसवरील एकाकी इलेक्ट्रॉन जोडीमुळे तो अमाइनमधील नायट्रोजनसारखा आपोआप उलटतो, असे कारण मी एका ठिकाणी वाचले होते.

प्रयोगवही

मिरजकर सर, ते कारण बरोबर नाही. नायट्रोजन सामान्य तापमानाला उलटत राहतो, परंतु फॉस्फरसच्या बाबतीत त्या उलटण्यासाठी लागणारी ऊर्जा बरीच जास्त असते आणि संश्लेषकाच्या कॉलममध्ये, खोलीच्या तापमानाला, काही मिनिटांत ते घडत नाही. खरा दोष सक्रियकाकडे, म्हणजे टेट्राझोलकडे जातो.

मार्व्हिन करूथर्स आणि सर्ज बोकाज यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत टेट्राझोल दोन कामे करते. प्रथम ते आम्ल म्हणून डायआयसोप्रोपिलअमिनो गटाला प्रोटॉन देते आणि नंतर स्वतःच न्यूक्लिओफाइल म्हणून फॉस्फरसवर हल्ला करून त्या गटाची जागा घेते. येथे एकदा रूप उलटते. एवढेच घडले असते तर काही बिघडले नसते, कारण एकदा झालेला उलटफेर हिशोबात धरता येतो. पण द्रावणात टेट्राझोल भरपूर असते, त्यामुळे तयार झालेल्या मध्यस्थ रेणूवर दुसरा टेट्राझोल पुन्हा हल्ला करतो, नंतर तिसरा, आणि वाढत्या साखळीचे ५'-हायड्रॉक्सिल तेथे पोहोचेपर्यंत मूळ रूपाची ओळख पुसली गेलेली असते. थोडक्यात, मोनोमर कितीही शुद्ध घेतला तरी प्रत्येक जोडावर नाणेफेक होते. हे नाणे अगदी समतोल नसते आणि कौल एका बाजूला थोडा झुकू शकतो, पण त्याविषयी नंतर.

त्यानंतरच्या पायरीत गंधक बसवले जाते. बोकाज अभिकर्मक वापरा किंवा फेनिलअॅसिटिल डायसल्फाइड, ही पायरी रूप जसेच्या तसे राखते. म्हणजे गंधकीकरण निर्दोष आहे. जे काही बिघडते ते कपलिंगच्या, म्हणजे मोनोमर साखळीला जोडण्याच्या, त्या दीड-दोन मिनिटांत बिघडते आणि किरॅल नियंत्रणाच्या सगळ्या पद्धतींना प्रथम याच एका गोष्टीचे उत्तर द्यावे लागले आहे.

जैवशाखा

मी जीवरसायनाच्या बाजूने एक भर घालते. किरॅल शुद्धतेचा सर्वांत जुना मार्ग रासायनिक नव्हताच, तो विकरांचा होता. डीएनए पॉलिमरेज अल्फा-थायो ट्रायफॉस्फेटचे, म्हणजे गंधक असलेल्या सुट्या न्यूक्लिओटाइडाचे, केवळ एसपी रूप स्वीकारते आणि जोड तयार करताना ते उलटवून आरपी जोड देते. एकश्टाइन यांनी हाच गुण वापरून अनेक विकरांच्या क्रियेचा मार्ग उलगडला. मात्र या मार्गाने सर्व जोड आरपीच मिळतात. एसपी जोड, किंवा ठरवून केलेली आरपी-एसपीची मांडणी, पॉलिमरेजकडून मिळत नाही. शिवाय शर्करेवर औषधासाठी केलेले बदल हे विकर सहसा सहन करत नाही.

निसर्गातही हा जोड आढळतो आणि तोही आरपी रूपातच. स्ट्रेप्टोमायसिस लिव्हिडान्स या जिवाणूच्या डीएनएमध्ये विशिष्ट ठिकाणी गंधक बसवणारी जनुके असल्याचे २००७ मध्ये सिद्ध झाले. ज्या बदलाला आपण दोन पिढ्या कृत्रिम समजत होतो, तो जिवाणू मुकाट्याने आणि अचूक रूपात करत आले होते, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते.

प्रयोगवही

धन्यवाद, ताई. आता रासायनिक मार्गांकडे येतो. येथे थोडे सविस्तर लिहितो, कारण विषयाचा गाभा हाच आहे.

पहिले खरे यश पोलंडमधील वुच येथे व्होइचेख स्टेक यांच्या गटाला १९९० च्या दशकाच्या आरंभी मिळाले. त्यांनी त्रिसंयुजी फॉस्फरस सोडूनच दिला. न्यूक्लिओसाइडच्या ३'-ऑक्सिजनवर ऑक्साथायाफॉस्फोलेन नावाचे पाच अणूंचे कडे बसवले, ज्यात फॉस्फरस पंचसंयुजी आहे आणि गंधक आधीपासूनच त्याच्यावर आहे. या मोनोमरचे दोन डायस्टिरिओमर सिलिकाच्या कॉलमवर वेगळे करता येतात. नंतर डीबीयू या तीव्र आम्लारीच्या उपस्थितीत साखळीचे ५'-हायड्रॉक्सिल फॉस्फरसवर येते, कडे उघडते, कड्यातील तुकडा एपिसल्फाइड होऊन निघून जातो आणि रूप कायम राहते. टेट्राझोल नाही, म्हणून गोंधळ नाही. परंतु कपलिंगचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीएवढे उच्च नव्हते, आणि डीबीयूमुळे साखळीला घन आधाराशी बांधणारा नेहमीचा सक्सिनिल दुवाच तुटत असल्याने वेगळा दुवा वापरावा लागे. लांब साखळ्यांसाठी ही पद्धत दमछाक करणारी होती. तरीही आरपी आणि एसपी जोडांच्या जैविक वर्तनाविषयीची आपली सुरुवातीची बरीचशी खात्रीशीर माहिती स्टेक यांच्याच नमुन्यांवरून आली आहे, याचा उल्लेख हल्ली फारसा होत नाही.

दुसरा मार्ग जपानमध्ये ताकेशी वाडा यांनी विकसित केला. त्यांनी त्रिसंयुजी फॉस्फरस ठेवला, पण त्याला प्रोलिनपासून बनवलेल्या किरॅल अमिनो अल्कोहोलच्या कड्यात अडकवले. हे ऑक्साझाफॉस्फोलिडिन मोनोमर. यातील खरी हुशारी सक्रियकात आहे: प्रोटॉन देईल इतका आम्लधर्मी, पण स्वतः फॉस्फरसवर हल्ला करणार नाही असा सायनोमिथिल पायरोलिडिनियमचा क्षार त्यांनी निवडला. त्यामुळे टेट्राझोलचे दुसरे काम रद्द झाले आणि ५'-हायड्रॉक्सिलने थेट, एकदाच, उलटफेर करून जोड बनवला. कपलिंगनंतर किरॅल सहायक फॉस्फरसवरच लोंबकळत राहतो, त्याच्या मोकळ्या अमाइनला अॅसिल गटाने झाकतात, गंधक बसवतात आणि साखळी पूर्ण झाल्यावर सगळे सहायक एकदम काढतात. हव्या त्या जोडासाठी हवा तो मोनोमर घ्यायचा: डी-प्रोलिनपासूनचा किंवा एल-प्रोलिनपासूनचा.

तिसरा मार्ग २०१८ मध्ये स्क्रिप्स संस्थेतील फिल बॅरन यांचा गट आणि ब्रिस्टल-मायर्स स्क्विब यांनी मिळून प्रसिद्ध केला. पुन्हा पंचसंयुजी फॉस्फरस, पुन्हा डीबीयू, पण किरॅल सहायक लिमोनीनपासूनचा, म्हणजे संत्र्या-लिंबाच्या सालीत सापडणाऱ्या टर्पिनपासूनचा. त्याची दोन्ही प्रतिरूपे सहज मिळतात. हा अभिकर्मक स्फटिकरूप असून हवेत टिकतो आणि जोड झाल्यावर सहायक आपोआप निघून जातो, त्यामुळे गंधकीकरणाची वेगळी पायरीच उरत नाही. रसायनशास्त्र म्हणून मला हा मार्ग सर्वांत देखणा वाटतो. मात्र देखणेपणा आणि वीस जोडांची साखळी किलोच्या प्रमाणात बनवणे यांत अंतर आहे.

याशिवाय येल येथील स्कॉट मिलर यांच्या गटाने २०२१ मध्ये किरॅल फॉस्फोरिक आम्लांना उत्प्रेरक म्हणून वापरून नेहमीच्याच फॉस्फोरॅमिडाइटपासून निवडक रूपाचे डायन्यूक्लिओटाइड मिळवले. सहायकाऐवजी उत्प्रेरकाने रूप ठरवणे ही कल्पना योग्य दिशेची आहे, परंतु ते काम अद्याप लहान रेणूंपुरते आहे.

कॉलमवाली

मी हैदराबादला ऑलिगोन्यूक्लिओटाइडच्या, म्हणजे अशाच लहान न्यूक्लिओटाइड साखळ्यांच्या, प्रक्रिया विकासात काम करते, म्हणून या देखणेपणाचा व्यावहारिक हिशोब मांडते.

प्रत्येक कपलिंगला रूपाची निवड ९८ टक्के असेल तर ऐकायला उत्तम वाटते. पण १९ जोडांनंतर सर्व जोड बरोबर असलेली साखळी सुमारे ६८ टक्के उरते. ९९ टक्क्यांना ती सुमारे ८३ टक्के होते आणि ९९.५ टक्क्यांना ९१ टक्के. आणि हे केवळ रूपाचे गणित झाले. कपलिंगचे रासायनिक प्रमाण वेगळे गुणावे लागते. एक न्यूक्लिओटाइड कमी असलेली अपूर्ण साखळी क्रोमॅटोग्राफीने बऱ्याच अंशी वेगळी काढता येते, परंतु एकच जोड उलट्या रूपाचा असलेली साखळी वस्तुमान वर्णपटात तंतोतंत सारखी दिसते आणि कॉलमवरही बहुधा मुख्य शिखरातच लपते. त्यामुळे येथे नंतर शुद्धीकरणाने सुधारू असे म्हणण्याची सोय नाही. जे मिळवायचे ते कपलिंगमध्येच मिळवावे लागते.

साठ्याचा प्रश्नही आहे. नेहमीच्या संश्लेषणाला चार बेसचे चार मोनोमर पुरतात, किरॅल संश्लेषणाला आठ. शर्करेवर बदल केलेले मोनोमर धरले की बाटल्यांची संख्या पुन्हा वाढते, आणि हे मोनोमर ओलाव्याला जपावे लागतात. आमच्याकडे पावसाळ्यात अॅसिटोनायट्राइलमधील पाण्याचे प्रमाण कार्ल फिशर चाचणीने तपासल्याशिवाय संश्लेषकाला बाटली लावत नाहीत. नेहमीच्या अॅमिडाइटला (फॉस्फोरॅमिडाइट मोनोमरला) थोडा ओलावा लागला तर ट्रायटिल या संरक्षक गटाचा नारिंगी रंग पुढच्या पायरीत फिका पडतो आणि बिघाड लगेच कळतो. रूप बिघडले तर मात्र रंग तितकाच गडद राहतो. ही मूक चूक मला सर्वांत त्रासदायक वाटते.

मिरजकर

मग रूप योग्य आहे हे सिद्ध तरी कसे करायचे?

कॉलमवाली

सर, डायन्यूक्लिओटाइड असेल तर सोपे आहे. फॉस्फरस-३१ एनएमआरमध्ये फॉस्फोरोथायोएट ५५ ते ५७ पीपीएमच्या आसपास दिसतो आणि आरपी व एसपी यांची शिखरे स्वतंत्र ओळखू येतात. वीस न्यूक्लिओटाइडांच्या साखळीत ती सगळी एकमेकांवर चढून एक रुंद उंचवटा होतो. त्यातून मिश्रण नाही इतपत समजते, पण कोणता जोड कोणत्या रूपाचा आहे ते समजत नाही. म्हणून व्यवहारात पुरावा अप्रत्यक्ष असतो: प्रत्येक मोनोमरची शुद्धता आधी तपासणे, त्याच परिस्थितीत डायमर बनवून निवड मोजणे, आणि विकरांनी साखळीचे पचन करून पाहणे.

निवासी_डॉक्टर

रुग्णाच्या दृष्टीने विचारतो. एवढ्या कष्टाने एकाच रूपाची साखळी बनवली तर ती अधिक परिणामकारक असते का? आरपी चांगले की एसपी चांगले, असे सरळ उत्तर आहे का?

जैवशाखा

सरळ उत्तर नाही आणि त्यामागचे कारण समजून घेण्याजोगे आहे. आरपी जोड असलेली साखळी लक्ष्य आरएनएशी अधिक घट्ट बांधली जाते आणि आरएनेज एच हे आरएनए तोडणारे विकर तिला चांगले स्वीकारते. मिपोमर्सेनसारख्या अँटिसेन्स औषधांचे काम याच विकरामार्फत होते. एसपी जोड बंधन थोडे सैल करतो, पण ३' टोकाकडून कुरतडणाऱ्या न्यूक्लिएजांना तो फारच चिवट असतो. म्हणजे कामासाठी आरपी हवा आणि टिकण्यासाठी एसपी. सर्व जोड एकाच रूपाचे केले की दोहोंपैकी एक गुण गमवावा लागतो.

२०१४ मध्ये आयसिस या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी वाडा यांच्या प्रकारचे मोनोमर वापरून, मधल्या दहा डीएनए बेसच्या पट्ट्यातील जोडांची मांडणी बदलत ३१ साखळ्या बनवल्या. पट्ट्यात नऊ किंवा अधिक एसपी जोड असलेल्या साखळ्या पेशींमध्ये फारशा कामाच्या ठरल्या नाहीत. सर्व आरपी असलेली पेशींमध्ये मिश्रणाइतकीच चांगली निघाली, पण प्राण्यांच्या शरीरात लवकर तुटून निष्प्रभ झाली.

बोस्टनवासी

त्यापुढचा अध्याय आमच्या गावचा आहे. केंब्रिजमधील वेव्ह लाइफ सायन्सेस या कंपनीने २०१७ मध्ये मिपोमर्सेनची निवडक रूपे बनवून दाखवले की ३' बाजूकडून एसपी-एसपी-आरपी असा तिहेरी क्रम ठेवला तर आरएनेज एच चांगले काम करते आणि उंदरांमध्ये परिणाम मिश्रणापेक्षा अधिक काळ टिकतो. येथील ऑलिगो मंडळींत त्या वेळी मोठा उत्साह होता.

डॉक्टरसाहेब, रुग्णांपर्यंत पोहोचल्यावर मात्र तो उत्साह टिकला नाही. ड्युशेन स्नायुक्षयावरील त्यांचे सुवोडिर्सेन हे औषध स्नायूंतील डिस्ट्रोफिन हे प्रथिन वाढवू शकले नाही आणि डिसेंबर २०१९ मध्ये थांबवले गेले. हंटिंग्टनच्या आजारावरील दोन साखळ्या मार्च २०२१ मध्ये थांबवल्या गेल्या, कारण सदोष हंटिंग्टिन प्रथिनात अपेक्षित घट दिसली नाही. यावरून किरॅल नियंत्रण निरुपयोगी ठरते असे मी म्हणणार नाही. औषध मेंदूत किंवा स्नायूत पुरेसे पोहोचणे हा वेगळाच डोंगर आहे आणि फॉस्फरसचे रूप बदलून तो ओलांडता येत नाही. कंपनीने नंतर काही जोडांवर गंधकाऐवजी ग्वानिडिनयुक्त नायट्रोजन गट बसवला; तोही फॉस्फरस किरॅलच असतो आणि तेथेही रूप नियंत्रित करणारी हीच पद्धत उपयोगी पडली.

प्रयोगवही

माझे सावध मत येथूनच आले आहे. किरॅल शुद्धता हे आपोआप मिळणारे श्रेष्ठत्व नाही. मिश्रणातही काही साखळ्यांमध्ये टिकाऊ आणि कार्यक्षम मांडणी असतेच आणि ते मिश्रण सरासरीने बरे चालते. शुद्ध साखळीचा खरा लाभ कोणती मांडणी हवी हे आधी माहीत असेल तरच मिळतो, आणि ते माहीत करून घ्यायला मुळात शुद्ध साखळ्या बनवाव्या लागतात. म्हणून मी या पद्धतींकडे आज तरी उत्पादनाच्या तंत्रापेक्षा संशोधनाचे साधन म्हणून अधिक पाहतो.

जेथे जोड थोडे आहेत तेथे चित्र वेगळे आहे. इन्क्लिसिरानसारख्या दुपदरी आरएनए औषधात फॉस्फोरोथायोएट केवळ टोकांना, एकूण सहा आहेत. म्हणजे ६४ रूपे. आणि प्रतिकारशक्तीतील स्टिंग या प्रथिनाला उत्तेजित करणाऱ्या चक्रीय डायन्यूक्लिओटाइडमध्ये तर दोनच जोड असतात. तेथे दोन्ही आरपी असलेले रूप वेगळे करून वैद्यकीय चाचण्यांपर्यंत नेले गेले. एवढ्या लहान रेणूत मिश्रण वापरण्याचे समर्थन करणे अवघड आहे.

कॉलमवाली

सहमत आहे, आणि एक मुद्दा राहिला आहे, जो वर नाण्याचा कौल झुकण्याबद्दल आला होता. नेहमीच्या संश्लेषणातही सक्रियक बदलला की आरपी-एसपीचे प्रमाण थोडे सरकते आणि त्यातून तयार झालेल्या आरएनए साखळ्यांचे काम बदलू शकते, हे २०१५ च्या सुमारास दाखवले गेले. त्यामुळे मिश्रण म्हणून मान्यता मिळालेल्या औषधातही सक्रियक, त्याची संहती किंवा मोनोमरचा पुरवठादार बदलताना विचार करावा लागतो, कारण नवे मिश्रण जुन्या मिश्रणासारखेच आहे हे दाखवण्याची जबाबदारी उत्पादकावर असते. भारतात जेनेरिक ऑलिगोन्यूक्लिओटाइड बनवू पाहणाऱ्यांसमोर हाच प्रश्न आधी उभा राहील. किरॅल शुद्ध साखळीचा नंतर.

मिरजकर

महाविद्यालयीन पातळीवर, संश्लेषक नसताना, यातील काही विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवता येईल का?

प्रयोगवही

नक्की येईल, सर. थायमिडिनचा डायमर द्रावणातच बनवा, कारण थायमिनच्या बेसला संरक्षक गट लागत नाही. नेहमीचा थायमिडिन अॅमिडाइट, ३' टोक झाकलेले थायमिडिन आणि टेट्राझोल घेऊन कपलिंग करा, गंधकीकरण करा, संरक्षक गट काढा आणि सी-१८ कॉलमवर सोडा. दोन शिखरे येतील. आधी येणारे बहुधा आरपी असते. दोन्ही भाग वेगळे गोळा करून प्रत्येकाचे दोन वाटे करा. एका वाट्यात सर्पविषातील फॉस्फोडायएस्टरेज घाला, ते आरपी तोडते. दुसऱ्यात न्यूक्लिएज पी-१ घाला, ते एसपी तोडते. गंधकीकरण अपुरे राहिले असेल तर साध्या फॉस्फेटचा डायमरही मिळतो आणि तो दोन्ही विकरांनी तुटतो. पण तो कॉलमवरून या दोन्ही शिखरांच्या आधीच बाहेर पडतो, तेव्हा तो भाग गोळा करताना बाजूला ठेवावा.